विद्यापीठाचा संगणकवर्ग : एक सामायिक पाणवठा



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांच्या मनात अशी शंका आली असेल की, वसंतातल्या या सायंकाळी यंत्रांची रुक्ष कथा कशासाठी ऐकावयाची? विद्यापीठात एक खोली असते, तीत ओळीने संगणक मांडलेले असतात, विद्यार्थी येतात, आपले काम करतात आणि निघून जातात. यात व्याख्यान देण्याजोगे ते काय आहे?

वरवर पाहता काहीच नाही. परंतु टेबलावरच्या त्या यंत्रामागून एक तार निघते आणि भिंतीआड, गारवा राखलेल्या एका बंद खोलीत जाते. तेथे दुसरी यंत्रे रात्रंदिवस चालू असतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. विद्यार्थ्याने काल लिहिलेले टिपण, त्याची आज चाललेली आकडेमोड आणि तो अमुकच विद्यार्थी आहे याची नोंद ही सारी तेथे असते. टेबलावरचे यंत्र ही नुसती खिडकी. घर मागे आहे, आणि ते घर सर्वांचे मिळून एकच आहे.

आता असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो की, ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, पुष्कळांच्या पिशवीत स्वतःचा संगणक आला, मग ही खोली आणि हे सामायिक यंत्र विद्यापीठाने पोसावे कशाला? जागा अडते, विजेचे बिल येते, माणसे नेमावी लागतात. हा प्रश्न व्यवहाराचा आहे, म्हणून त्याचे उत्तरही व्यवहारानेच दिले पाहिजे. आमचे उत्तर असे की, हा वर्ग काटकसरीसाठी जन्मास आला हे खरे, पण त्याचे खरे मोल समतेत आहे. आणि ती समता यंत्रे विकत घेतल्याने येत नाही, ती यंत्रे वापरू देण्याच्या रीतीने येते. हे विधान सिद्ध करण्यासाठी आम्ही तीन विद्यापीठांचा इतिहास आपल्यापुढे ठेवणार आहोत.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावातली. तेथे डार्टमथ नावाचे जुने महाविद्यालय आहे. १९६० च्या आसपास तेथे जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे दोन गणिताचे अध्यापक होते. केमेनी हे मूळचे बुडापेस्टचे. तरुणपणी त्यांनी आइन्स्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणून काम केले होते. त्या काळी संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले महागडे यंत्र. त्याच्याजवळ जाण्याची सोय सामान्य विद्यार्थ्याला नव्हती. आपला प्रश्न भोके पाडलेल्या पत्त्यांवर उतरवावयाचा, तो गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तरासाठी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी यावयाचे, असा शिरस्ता होता. एखादा स्वल्पविराम चुकला, तर उत्तराऐवजी चुकीची नोंद हाती पडे आणि पुन्हा तोच फेरा सुरू होई. डार्टमथला प्रारंभी असे यंत्रही नव्हते. पत्त्यांची पेटी घेऊन कर्ट्झ आगगाडीने बोस्टनकडे जात असत. या पद्धतीने एखादा संशोधक काम करील, पण सतरा-अठरा वर्षांचा मुलगा शिकणार कसा? शिकावयाचे म्हणजे चुकावयाचे, आणि चूक करण्यास दिवसाकाठी एकच संधी मिळत असेल, तर शिक्षण संपलेच म्हणावयाचे.

यावर उपाय सुचला तो कालविभागणीचा. माणूस मिनिटभर विचार करतो आणि मग यंत्राला सेकंदभराचे काम सांगतो. म्हणजे एकाच माणसाच्या हाती यंत्र दिले, तर ते बहुतेक वेळ रिकामे बसते. मग त्या रिकाम्या क्षणांत दुसऱ्या, तिसऱ्या, तिसाव्या विद्यार्थ्याचे काम का करू नये? यंत्राने प्रत्येकाला क्षणभर द्यावा आणि लगेच पुढच्याकडे वळावे. फेरा इतक्या वेगाने फिरतो की, प्रत्येकाला वाटावे, यंत्र माझ्या एकट्याचेच आहे.

ही कल्पना आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवी वाटावयाची नाही. खानदेशात आणि नाशिककडे पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारे घालून फड पद्धतीने शेती होत आली आहे. बंधारा एक, पाट एक, शेते अनेक. पाटकरी पाळीपाळीने एकेका शेतात पाणी सोडतो, आणि हे पाळीचे पाणी कोणी धनिक आहे म्हणून त्याच्याकडे आधी वळत नाही. संगणकाच्या आत पाटकऱ्याचे हे काम एक प्रोग्राम करतो, एवढाच काय तो भेद.

केमेनी आणि कर्ट्झ यांनी हे पाटकऱ्याचे काम करणारा प्रोग्राम कोणाकडून लिहवून घेतला? अनुभवी अभियंत्यांकडून नव्हे, तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांकडून. सोबत त्यांनी 'बेसिक' नावाची एक सोपी संगणकभाषा रचली. १ मे १९६४ रोजी पहाटे चार वाजता दोन टेलिप्रिंटरांवरून दोन प्रोग्राम एकदम चालविण्यात आले आणि दोन्हींची उत्तरे बरोबर आली. कालविभागणीचा प्रयोग याआधीही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., येथे १९६१ साली झाला होता. डार्टमथचे वैशिष्ट्य निराळे आहे. तेथील बहुसंख्य विद्यार्थी विज्ञानाचे नव्हतेच. ते साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र शिकणारे होते. पुढे राज्यकारभार आणि व्यापार याच मुलांच्या हाती जाणार, तेव्हा हे यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे त्यांनी स्वतःच्या हातांनी पाहिलेच पाहिजे, असा त्या अध्यापकद्वयाचा आग्रह होता. म्हणून त्यांनी संगणकाला ग्रंथालयाचा न्याय लावला. ग्रंथालयात ज्याप्रमाणे विद्यार्थी सरळ कपाटाशी जाऊन पुस्तक काढतो, 'हे कशाला हवे?' असे त्याला कोणी विचारीत नाही, त्याप्रमाणे त्याने यंत्राशी बसावे. परवानगी नको, शुल्क नको, कारण सांगणे नको.

येथे थोडे थांबले पाहिजे. डार्टमथचा संगणक सर्व विद्यार्थ्यांना मोकळा होता हे खरे. पण 'सर्व विद्यार्थी' म्हणजे कोण? त्या महाविद्यालयात पदवीच्या शिक्षणासाठी मुलींना प्रवेशच नव्हता. तो १९७२ साली सुरू झाला, आणि त्या वेळी महाविद्यालयाचे अध्यक्ष होते हेच केमेनी. एखादी वस्तू सामायिक आहे एवढ्याने ती सर्वांची होत नाही, हे महाराष्ट्रात तरी विस्ताराने सांगावयास नको. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला. परंतु ठरावाने कोणाची तहान भागली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. सामायिक पाणवठ्याची परीक्षा कागदावर होत नाही, काठावर होते. संगणकवर्गालाही आपण हीच कसोटी लावणार आहोत.

दुसरी गोष्ट विश्वासाची आहे. पाणी वाटून घेणे सोपे, कारण माझ्या शेतातले पाणी तुम्ही वाचू शकत नाही. संगणकात मात्र माझे टिपण आणि तुमचे टिपण एकाच कोठारात असते. म्हणून एम.आय.टी.च्या त्या पहिल्या सामायिक यंत्रावर प्रत्येकाला परवलीचा शब्द दिलेला होता. पण १९६२ साली तेथील एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे आपले चार तास पुरेनात. त्याने एका पत्त्यावर विनंती लिहून परवलीच्या सर्व शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम चालू ठेवले. पुढे काही वर्षांनी याहून मौजेचा प्रकार झाला. दोघे व्यवस्थापक एकाच वेळी दोन निराळी टिपणे दुरुस्त करीत होते, यंत्राने त्यांची अदलाबदल केली, आणि यंत्राशी येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले! ज्यांनी ती यंत्रणा उभारली होती त्या फर्नांडो कॉर्बातो यांनीच हा प्रसंग पुढे सांगितला आहे.

या कथांतून बोध असा निघतो की, सामायिक यंत्रावर जे वाटावयाचे ते आणि जे मुळीच वाटावयाचे नाही ते, या दोहोंची सीमा काटेकोर आखली पाहिजे. यंत्र सर्वांचे असावे, पाटी मात्र ज्याची त्याची असावी. ही सीमा पक्की नसेल, तर विद्यार्थी सामायिक यंत्रावर मोकळेपणाने लिहिणार नाही, आणि ज्याला परवडेल तो आपले वेगळे यंत्र घेऊन दूर जाईल. मग वर्गात उरेल तो ज्याला दुसरा मार्ग नाही तोच.

याच एम.आय.टी.त मे १९८३ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. त्याला ग्रीकांच्या विद्यादेवतेवरून अथीना असे नाव देण्यात आले. डिजिटल इक्विपमेंट आणि आय.बी.एम. या दोन कंपन्यांनी यंत्रे व माणसे पुरविली. प्रयोग पाच वर्षांचा ठरला होता, तो आठ वर्षे, म्हणजे जून १९९१ पर्यंत चालला. आणि त्यानंतर तो प्रयोग न राहता त्या संस्थेची नित्याची व्यवस्था झाला.

अथीनाचा संकल्प एका वाक्यात सांगता येतो : विद्यार्थ्याने आवारातल्या कोणत्याही खोलीत, कोणत्याही खुर्चीवर बसावे, आणि त्याच्यापुढे त्याचीच पाटी उघडावी. आज हे सहज वाटते. त्या वेळी मात्र दोन कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा जाणत नव्हती. एकीवर लिहिलेले दुसरीवर चालत नसे. म्हणून निरनिराळ्या यंत्रांच्या पडद्यावर एकाच रीतीने चित्रे आणि मजकूर उमटविणारी 'एक्स' नावाची यंत्रणा १९८४ साली तेथे तयार झाली. १९८७ पासून टेबलावर स्वतंत्र संगणक आले आणि आधीची सामायिक यंत्रे मागच्या खोलीत जाऊन कोठारांची राखण करू लागली. म्हणजे आम्ही प्रारंभी वर्णिलेली रचना, पुढे खिडकी आणि मागे घर, तेथे पूर्ण आकारास आली. मौज अशी की, 'क्लस्टर' हा शब्द अन्यत्र मागच्या सर्व्हरांच्या समूहासाठी वापरतात, एम.आय.टी.त मात्र विद्यार्थ्यांच्या बसण्याच्या खोलीलाच क्लस्टर म्हणू लागले.

आता या रचनेत राखणदाराची अडचण उभी राहते. खोली सर्वांना उघडी, म्हणजे टेबलावरच्या यंत्रावर भरवसा ठेवता येत नाही. कोण त्यात काय करून गेला, कोणी सांगावे? तारेतून जाणारा मजकूरही वाटेत कोणी वाचील. अथीनाच्या कर्त्यांनी ही अडचण धीटपणे सोडविली. त्यांनी टेबलावरच्या यंत्रावर विश्वास ठेवलाच नाही. इतका की, त्या सार्वजनिक यंत्रांचा मुख्य परवलीचा शब्द गुप्त राखण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. सारा पहारा मागे नेला. त्या पहारेकऱ्याचे नाव त्यांनी ठेवले कर्बेरोस. ग्रीक पुराणात पाताळाच्या दाराशी बसणारा हा तीन डोक्यांचा कुत्रा आहे.

कर्बेरोसची रीत समजून घेण्याजोगी आहे. विद्यार्थी आपले नाव सांगतो. परवलीचा शब्द तारेवरून पाठवीत नाही. पहारेकरी त्या नावाची चिठ्ठी एका पेटीत घालतो, त्या विद्यार्थ्याच्याच शब्दाने उघडेल असे कुलूप लावतो आणि पेटी पाठवून देतो. विद्यार्थी खरा असेल तर पेटी उघडेल. तोतया असेल तर पेटी हाती येऊनही व्यर्थ. पुढे दिवसभर ती चिठ्ठी दाखवून त्याने कोठारातून आपले टिपण काढावे, छापखान्यातून कागद घ्यावा. काही तासांनी चिठ्ठी आपोआप बाद होते. आपल्यापैकी जे मोठ्या कचेरीत काम करतात ते सकाळी संगणकावर आपले नाव घालतात, तेव्हा पुष्कळ ठिकाणी त्यामागे हीच रीत चालू असते. मायक्रोसॉफ्टने २००० साली आपल्या विंडोज प्रणालीत तिचा स्वीकार केला. मोठमोठ्या कचेऱ्यांची राखण करणारे हे कुलूप मुळात विद्यार्थ्यांच्या उघड्या वर्गासाठी घडविले गेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दार उघडे ठेवण्याचा निश्चय आधी झाला, म्हणून तर असे चांगले कुलूप शोधावे लागले.

याच सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठात अशीच दुसरी योजना चालू होती. तिच्यातील सामायिक कोठाराची रचना करणाऱ्यांत प्रमुख होते महादेव सत्यनारायणन्, मद्रासच्या आय.आय.टी.चे विद्यार्थी. ते कोठार पुढे अथीनानेही आपलेसे केले.

मागच्या खोलीतली यंत्रे पुढे आणखी बदलली. एका प्रचंड यंत्राऐवजी पुष्कळ साधी यंत्रे तारांनी जोडून त्यांच्याकडून एकवटून काम करून घेण्याची रीत पडली. अमेरिकेच्या नासा या संस्थेत १९९४ साली सोळा साधे संगणक जोडून असा समूह उभारण्यात आला आणि त्याचा बोलबाला झाला. आपल्या पुण्यात सी-डॅक या संस्थेने १९९१ साली तयार केलेला परम ८००० हाही अनेक प्रक्रियकांनी मिळून काम करणाराच महासंगणक होता. पालखीला अनेक भोई असतात. एकाचा खांदा दुखला तर दुसरा खांदा देतो आणि पालखी जमिनीवर टेकत नाही. सर्व्हरांच्या समूहाचे बळ नेमके यात आहे. एक यंत्र बंद पडले तरी विद्यार्थ्याची पाटी पुसली जात नाही.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत २०१५ साली आकडेशास्त्र आणि संगणन यांचा एक प्रवेशक अभ्यासक्रम सुरू झाला. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला तो घेता येतो, आणि पुढे एकेका सत्रात हजाराहून अधिक विद्यार्थी तो घेऊ लागले. इतक्या मुलांच्या इतक्या तऱ्हांच्या संगणकांवर सामग्री बसवून देत बसले, तर पहिला महिना त्यातच जावयाचा. म्हणून तेथे ज्युपिटरहब नावाची व्यवस्था वापरतात. विद्यार्थी ब्राउझर उघडतो, नाव सांगतो. मागचा सर्व्हरसमूह त्याच्यासाठी तत्काळ एक छोटी बंदिस्त जागा तयार करतो आणि त्यात त्याची वही उघडून देतो. एकाने कितीही चुका केल्या तरी शेजाऱ्याच्या वहीला धक्का लागत नाही. कोणी एकाने सारी शक्ती ओढून घेऊ नये म्हणून प्रत्येकाला मर्यादा असते. काही वेळ काम न केल्यास जागा आवरून ठेवली जाते आणि वही शिल्लक राहते. पाटकऱ्याची पाळी, कर्बेरोसचा पहारा, भोयांचे खांदे हे सारे येथे एकत्र आले आहे. जुना, स्वस्त, मंद संगणक घेऊन आलेली मुलगी आणि नवाकोरा संगणक घेऊन आलेला मुलगा यांचे गणित एकाच यंत्रावर, एकाच वेगाने सुटते. ही व्यवस्था उभारण्याची सामग्री आणि तिची कृती सर्वांसाठी विनामूल्य प्रसिद्ध केलेली आहे.

येथे कोणी म्हणेल, 'मग खोली तरी कशाला? सर्व्हर पुरे.' याचे उत्तर २०२० सालाने दिले. करोनाच्या साथीत जगभर वर्ग बंद झाले. सर्व्हर चालूच होते. बंद झाली ती खोली. ज्याच्या घरी संगणक, वीज आणि निवांत कोपरा होता त्याचे फारसे अडले नाही. ज्याच्या घरी चौघांत मिळून एक फोन होता, त्याला त्या चार बोटांच्या काचेवर प्रोग्राम लिहावा लागला. खिडकी नसेल, तर घर असून काय उपयोग? खोली म्हणजे केवळ यंत्रांची रांग नव्हे. तेथे पंखा असतो, उजेड असतो, शेजारी बसलेला मित्र चूक दाखवितो, आणि विचारावयाला कोणीतरी जबाबदार माणूस असतो.

आपल्या देशातही संगणकाचा प्रारंभ सामायिकच होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक चालू झाला. तेथेच १९६४ साली आलेल्या सी.डी.सी. ३६०० या मोठ्या यंत्रावर बाहेरच्या संस्थांचे संशोधकही आपली कामे करून घेत. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आय.बी.एम. १६२० आला आणि विद्यार्थ्यांना त्याच्याशी बसून शिकता येऊ लागले. ज्या देशात यंत्र दुर्मिळ होते, तेथे ते वाटून घेण्याची रीत आम्हांला ठाऊक होती. आता यंत्र मुबलक झाले म्हणून ती रीत विसरावी काय?

श्रोतेहो, आपल्यापैकी कित्येक जण शिक्षणसंस्थांच्या नियामक मंडळांवर आहेत; कित्येकांची मुले महाविद्यालयात आहेत. कोणतेही महाविद्यालय 'आमचा संगणकवर्ग पाहा' म्हणून तुम्हांला नेईल, तेव्हा यंत्रे किती आणि कोणत्या सालची, हे जरूर विचारा. पण तेवढ्यावर थांबू नका. दार किती वाजता उघडते आणि किती वाजता लागते, हे विचारा. पाच वाजता कुलूप लागत असेल, तर दुपारी नोकरी करून शिकणाऱ्या मुलाला तो वर्ग नाहीच. संध्याकाळी सातनंतर तेथे मुलींना निर्धास्त बसता येते काय, हे विचारा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आत येऊ देतात की तो 'त्या' विभागाचा नाही म्हणून दारातूनच परत पाठवितात, हे विचारा. आणि शेवटी विचारा की, हा पाट राखणारा पाटकरी कोण? बहुतेक ठिकाणी अनेक यंत्रांसाठी लाखो रुपये निघतात, परंतु त्यांची राखण करणारा माणूस तात्पुरता असतो. फडाच्या शेतीत पाटकऱ्याखेरीज रात्री पाण्यावर आणि पिकावर नजर ठेवणारा जागल्याही असतो, आणि त्याचे मोल शेतकरी आपल्या पिकातून देतात. परीक्षेच्या आदल्या रात्री शेकडो मुले एकदम यंत्राकडे धावतात, तेव्हा जागणारा माणूस नसेल, तर उत्तमातला उत्तम सर्व्हरसमूहही मान टाकतो.

सर्व्हर स्वतःच्या आवारात असावेत की भाड्याने दूर कोठे घ्यावेत, हा हिशेबाचा प्रश्न आहे; दोन्ही रीतींनी हे काम चालते. वह्यांची किल्ली संस्थेच्याच हाती राहील आणि भाडे थकले म्हणून विद्यार्थ्याची वही अडकून पडणार नाही, एवढे मात्र करारात पाहून घ्यावे.

तात्पर्य, हा वर्ग म्हणजे जुन्या काळाची अडगळ नाही. ज्याच्या पिशवीत स्वतःचे यंत्र आहे त्याला त्याची गरज थोडी आहे. ज्याच्या पिशवीत नाही त्याला ती फार आहे. तो चालू ठेवावा की बंद करावा, हे ठरविणाऱ्यांच्या पिशव्या बहुधा भरलेल्या असतात, म्हणून हे सांगणे आम्हांस आवश्यक वाटले. पाणवठ्याची खरी किंमत घरात नळ नसलेल्यालाच कळते.